पडद्यामागचं पाणी

"तुम्ही नेमकं कशावर काम करता?" असं कुणी विचारलं की मी "लहान मुलांच्या कानांवर" असं सांगते आणि समोरच्याचं कुतूहल विझताना बघते. हृदय, मेंदू, कर्करोग असं काही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. कान म्हटल्यावर माणसं एकतर विषय बदलतात, नाहीतर आपल्या धाकट्याचा कान कसा दुखायचा, रात्र रात्र कसं जागावं लागायचं, हे सांगायला लागतात. दुसरा प्रकार जास्त. ज्या घरात मूल वाढलं त्या घरात बहुधा हा आजार येऊन गेलेला असतो.

बोस्टनमध्ये टील, क्लाइन आणि रोझनर यांनी जन्मापासून मुलांचा माग ठेवला आणि १९८९ मध्ये आकडे मांडले. पहिला वाढदिवस होईपर्यंत ६२ टक्के मुलांना मधल्या कानाचा तीव्र संसर्ग निदान एकदा होऊन गेला होता. तीन वर्षांपर्यंत ८३ टक्के मुलांना, आणि त्यात ४६ टक्के अशी की ज्यांना तीन किंवा त्याहून जास्त वेळा. मी हा लेख विद्यार्थिदशेत वाचला तेव्हा मनात आलं, आजार इतका सर्रास आहे म्हणजे संशोधनाला सोपा असणार. रुग्ण शोधत फिरायला नको.

रुग्ण भरपूर मिळाले हे खरं. अडचण ही निघाली की त्यातले बहुतेक आपले आपण बरे होतात. अशा आजारात तुम्ही काहीही करा, चार दिवसांनी मूल खेळायला लागतं आणि श्रेय तुम्ही जे केलं त्याला मिळतं: औषधाला, थेंबांना, शस्त्रक्रियेला, डॉक्टरच्या हातगुणाला. माझी सगळी कारकीर्द या श्रेयाच्या वजाबाकीत गेली. जे झालं त्यातून जे तसंही होणारच होतं ते काढून टाकायचं आणि खाली काय उरतं ते बघायचं. कधी बरंच उरलं, कधी जवळजवळ काहीच नाही.

आधी जागा सांगते. कानाच्या पडद्यामागे हवेनं भरलेली एक छोटी पोकळी असते, तिच्यात ऐकण्याची तीन चिमुकली हाडं. हा मधला कान. त्याला हवा मिळते ती नाकाच्या मागच्या बाजूला उघडणाऱ्या युस्टेशियन नलिकेतून. ही नलिका एरवी मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा एक स्नायू तिला ओढून क्षणभर उघडतो. मोठ्या माणसात ती सुमारे ३६ मिलिमीटर लांब आणि ४५ अंशांच्या उताराची, तर तान्ह्या मुलात त्याच्या निम्मी आणि जवळजवळ आडवी. साधी सर्दी झाली तरी ती सुजून बंद होते. आत अडकलेली हवा अस्तरातून रक्तात शोषली जाते, नवी येत नाही, दाब उतरतो, पडदा आत खेचला जातो आणि अस्तरातून पाणी झिरपायला लागतं. नाकाच्या मागे न्यूमोकोकस, हिमोफिलस, मोराक्सेला हे जंतू एरवीही मुक्काम करून असतातच. ते त्या पाण्यात पोचले की पू होतो, पडदा बाहेर फुगतो आणि मूल किंचाळून उठतं.

दुखणं दोनचार दिवसांत जातं, पाणी मात्र मागे राहतं. दोन आठवड्यांनी सुमारे ७० टक्के मुलांच्या कानात ते असतंच. महिन्यानं ४० टक्के, दोन महिन्यांनी २०, तीन महिन्यांनी १० टक्के. हेसुद्धा टील आणि क्लाइन यांच्याच गटाचं काम, १९८० मधलं. या उतरत्या आकड्यांनी आमच्या विषयातली बरीच भांडणं लावून दिली. पाणी दिसलं त्या दिवशी उपचार सुरू केला तर तिसऱ्या महिन्यात तो दहापैकी नऊ वेळा यशस्वी ठरणार, मग उपचार काहीही असो.

नलिकेच्या स्नायूचं महत्त्व पटलं ते टाळू दुभंगलेल्या बाळांमुळे. अशा बाळांत तो स्नायू नीट जोडलेला नसतो. १९६९ मध्ये पिट्सबर्गचे जॅक पॅरडाइज, चार्ल्स ब्लूस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं अशा ५० तान्ह्या बाळांचे कान बारकाईनं तपासले, तर पाणी जवळपास सगळ्यांच्याच कानांत निघालं. जंतूंची, ॲलर्जीची सगळी चर्चा बाजूला ठेवून नुसत्या यंत्रणेकडे बोट दाखवणारं इतकं स्वच्छ निरीक्षण वैद्यकात क्वचित सापडतं. मला तो लेख फार आवडतो. त्यात कुठलंही महागडं यंत्र नाही. कुणीतरी नीट बघितलं, एवढंच.

आणि नीट बघणं हीच या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. तान्ह्या मुलाच्या कानाचा मार्ग काही मिलिमीटरचा. त्यात मळ. मूल आईच्या मांडीवर, आईनं एका हातानं डोकं छातीशी धरलेलं, दुसऱ्यानं हात, तरी पाय मोकळे असतात आणि ते बरोबर तुमच्या पोटात बसतात. ओटोस्कोपमधून, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणातून, पडदा दिसतो तो दोनतीन सेकंद. त्यातही रडण्यानं तो लाल होतो, तापानं लाल होतो, मळ काढताना मार्ग खरवडला गेला तरी लाल होतो. लाल पडदा बघून "इन्फेक्शन आहे" असं लिहिलेल्या चिठ्ठ्या जगभर रोज किती निघत असतील याचा विचारही करवत नाही. महत्त्वाचा आहे तो फुगवटा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्टच घातलं: पडदा फुगलेला हवा किंवा नव्यानं कान वाहायला लागलेला हवा, आणि पडद्यामागे पाणी नसेल तर हे निदान करूच नये.

पाणी आहे की नाही हे कळायला एकोणिसाव्या शतकातली एक युक्ती आहे. ओटोस्कोपला रबराचा एक लहान फुगा जोडायचा आणि हलकेच दाबून कानात हवेची झुळूक सोडायची. निरोगी पडदा लगेच हलतो, पाण्यानं जड झालेला हलत नाही. टिम्पॅनोमीटर नावाचं यंत्र हेच काम करतं आणि कागदावर आलेख काढून देतं. पाणी असेल तर डोंगराऐवजी सपाट रेघ येते. फुगा स्वस्त, लहान, खिशात मावणारा, आणि तरीही कित्येक दवाखान्यांत तो खोक्यातून बाहेर निघालेला नसतो. का, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. कदाचित त्यानं आणखी पाच सेकंद जातात म्हणून.

माझे मार्गदर्शक नव्या माणसाला आजाराचं नाव घेऊ द्यायचे नाहीत. रंग कसा, पडदा आत की बाहेर, आरपार दिसतंय का, हलतोय का, एवढंच सांगायचं. निदान नंतर, ते लिहितील. पहिल्या वर्षी मला हा छळ वाटला. मग एका अभ्यासासाठी आम्ही दोघं दोघं तपासनीस एकाच मुलाला, एकमेकांशी न बोलता, तपासायला लागलो आणि संध्याकाळी कागद शेजारी ठेवायला लागलो. अनुभवी, नावाजलेले डॉक्टर, आणि एकच कान एकाला फुगलेला तर दुसऱ्याला ठीक. वाद व्हायचे, चेहरे पडायचे. काही जणांनी नंतर यायचं बंद केलं. राहिले त्यांचं जुळायला लागलं, पण त्याला महिने गेले. माझ्या मते या क्षेत्रातला कुठलाही निष्कर्ष वाचायच्या आधी त्या लेखात एकच गोष्ट शोधावी: कान कुणी बघितले आणि त्यांना कुणी तपासलं होतं. तो परिच्छेद नसेल तर पुढचे तक्ते नाही वाचले तरी चालतं.

याचा औषधाच्या वादाशी थेट संबंध आहे. प्रतिजैविकं येण्याआधी हा आजार हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पू कानामागच्या हाडात शिरायचा, तिथून मेंदूच्या आवरणापर्यंत जायचा, आणि हाड पोखरून पू काढणं हे कानाच्या सर्जनचं नेहमीचं काम होतं. औषधं आली तशी ही शस्त्रक्रिया दुर्मीळ झाली आणि कान दुखला की दहा दिवस औषध हा रिवाज पक्का झाला. दहाच का? हाताला बोटं दहा आहेत याहून बरं कारण मला कुणी सांगितलेलं नाही.

या रिवाजाला धक्का दिला नेदरलँड्समध्ये. १९८१ मध्ये व्हान बुखेम आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात चार गटांचा अभ्यास छापला: एका गटात पडद्याला छेद, एकात प्रतिजैविक, एकात दोन्ही, एकात दोन्ही नाही. म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. तिथले डॉक्टर वेदनाशामक देऊन थांबायला लागले, आणि बाकीचं जग त्यांना वेडं म्हणायला लागलं. पुढे अनेक ट्रायल एकत्र करून बघितल्यावर दिसलं की औषध द्या वा न द्या, २४ तासांत सुमारे ६० टक्के मुलांचं दुखणं थांबलेलं असतं. नव्वदच्या दशकात आमच्यातल्या बऱ्याच जणांनी मान्य करून टाकलं की प्रतिजैविकाचा उपयोग थोडा आहे आणि थांबणं शहाणपणाचं.

मग १३ जानेवारी २०११ उजाडला. 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास, एक पिट्सबर्गच्या होबरमन यांचा आणि दुसरा फिनलंडच्या तुर्कूमधून टॅहटिनेन यांचा. होबरमन यांनी ६ ते २३ महिन्यांची २९१ मुलं घेतली, निदानाच्या कडक अटी घालून, पडदा खरोखर फुगलेली. औषध मिळालेल्यांत उपचार फसल्याचं प्रमाण १०-१२ दिवसांनी १६ टक्के होतं, प्लासिबोच्या, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही मिळालेल्या, गटात ५१. फिनलंडमध्ये १८.६ विरुद्ध ४४.९. म्हणजे कडक निदान करून निवडलेल्या लहान मुलांत औषध चालतं, आणि चांगलं चालतं. मग आधीच्या अभ्यासांत ते का दिसलं नव्हतं? माझं उत्तर तेच जुनं: त्यांतल्या कित्येकांत नुसती सर्दी आणि लाल पडदा असलेली मुलं मिसळलेली होती. ज्यांना आजारच नव्हता ती दोन्ही गटांत बरी झाली आणि खरा फरक त्यांच्या गर्दीत बुडाला.

तरीही एक खोच राहते, आणि ती या अभ्यासांचं नाव घेऊन सरसकट औषध लिहिणारे सांगत नाहीत. होबरमन यांच्या 'फसलेल्या' मुलांत पडद्यावरची लक्षणं टिकून राहिलेली मुलंही मोजली आहेत. लक्षणांतला, म्हणजे मूल किती रडतं, झोपतं का, यातला फरक त्या मानानं लहान होता. शिवाय औषध घेतलेल्यांत जुलाब आणि लंगोटाखालचे चट्टे जास्त. दोन वर्षांच्या आतलं मूल आणि फुगलेला पडदा असेल तर मी आज औषध देते. दोन वर्षांच्या वरचं मूल, एकच कान, ताप बेताचा, तर वेदनाशामक आणि दोनतीन दिवस थांबणं. मात्र थांबायचं ते पालकांशी बोलून आणि बिघडलं तर कुणाला कळवायचं हे ठरवून. त्या संभाषणाला चिठ्ठी लिहिण्याच्या तिप्पट वेळ लागतो, हे औषधं जास्त लिहिली जाण्याचं एक कारण आहेच. २०१६ मध्ये त्याच होबरमन यांनी ५ दिवस आणि १० दिवस यांची तुलना ५२० मुलांत केली. पाच दिवसांत ३४ टक्के अपयश, दहा दिवसांत १६. आणि कमी दिवस दिल्यानं दाद न देणारे जंतू कमी झाले, असंही दिसलं नाही. बोटांची संख्या योगायोगानं बरोबर निघाली म्हणायची.

प्लासिबोचा अभ्यास म्हटलं की कुणाला तरी संमतिपत्र वाचून दाखवावं लागतं. एक वडील मला आठवतात. मुलगी खांद्यावर झोपलेली, त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे हिला औषधाऐवजी गोड पाणी मिळू शकतं?"

"हो."

"आणि ते तुम्हालाही माहीत नसणार?"

"नाही."

"तुमचं मूल असतं तर घातलं असतं यात?"

मी हो म्हटलं, कारण तेव्हा कुठली बाजू बरी हे मला खरोखरच माहीत नव्हतं. अशा अभ्यासाचा सगळा नैतिक पाया त्या माहीत नसण्यावर उभा असतो. ते म्हणाले, "डॉक्टरला माहीत नाही हे ऐकायला मी आलो नव्हतो," आणि कागद घडी करून खिशात घालून निघून गेले. नंतर परत आले नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर सही केली असती, असं छातीठोकपणे सांगवत नाही.

आकडे एकच आणि अर्थ दोन, हेही या विषयानं मोठ्या प्रमाणावर बघितलं आहे. कानात टिकून राहिलेल्या पाण्यावर ॲमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाचा उपयोग होतो का, याचा पिट्सबर्गमधला मोठा अभ्यास १९८७ मध्ये छापून आला: उपयोग होतो, असं त्यात म्हटलं होतं. त्याच गटातल्या एर्डेम कँटेकिन यांनी तीच माहिती घेऊन उलटा निष्कर्ष काढला, की होत नाही. त्यांचा लेख 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात यायला १९९१ उजाडलं, आणि त्याच्या बरोबरीनं संपादकीय वादही. चौकश्या, समित्या, हक्काचे प्रश्न, माहिती कुणाच्या मालकीची, औषध कंपन्यांचा पैसा कुठे, सगळं निघालं. त्यात कोण किती बरोबर यावर आमच्या पिढीनं चहाच्या टेबलावर पुष्कळ तास घालवले. माझं मत एवढंच बनलं की ज्याला आकड्यांचा वेगळा अर्थ दिसतो त्याचा कागद बाकीच्यांच्या कागदाबरोबरच छापला जायला हवा. चार वर्षांत किती मुलांना औषध दिलं गेलं असेल याचा हिशेब कुणी केला नाही. आज असं पाणी असलेल्या मुलांना नेहमीसाठी प्रतिजैविक देऊ नये, असंच बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते नळ्यांच्या प्रश्नानं. पडद्याला बारीक छेद देऊन त्यात एक-दोन मिलिमीटरची नळी बसवायची, म्हणजे बंद पडलेल्या युस्टेशियन नलिकेचं काम ती करते आणि आत हवा जाते. व्हिएन्नाच्या ॲडम पोलित्झर यांनी एकोणिसाव्या शतकात हे करून बघितलं होतं. आजच्या स्वरूपात ते रूढ केलं १९५४ मध्ये अमेरिकन सर्जन बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी. ग्रॉमेट म्हणतात त्या याच. बसवायला काही मिनिटं लागतात, नंतर सहा महिने ते दीड वर्षात आपोआप गळून पडतात. मूल पाण्यानं बधिर झालेलं असेल तर नळी बसल्याच्या दिवशीच ऐकायला लागतं, आणि हे दृश्य इतकं पटणारं असतं की त्यापुढे कुठल्याही तक्त्याची मात्रा चालत नाही.

नळ्या सर्रास बसायला लागल्या त्यामागे एक भीती होती. पहिल्या तीन वर्षांत मूल भाषा शिकतं. त्याच काळात महिनोन्महिने कमी ऐकू आलं तर बोलणं, वाचणं, बुद्धी यांवर कायमचा ओरखडा उठेल. भीती अगदी वाजवी. तिची परीक्षा कशी घ्यायची? पॅरडाइज यांनी १९९१ पासून दोन महिन्यांच्या आतली ६,३५० निरोगी बाळं अभ्यासात घेतली. तीन वर्षांपर्यंत सगळ्यांचे कान नियमित बघायचे. ज्यांच्या दोन्ही कानांत सलग ९० दिवस किंवा एका कानात १३५ दिवस पाणी राहिलं अशी ४२९ मुलं निघाली. त्यांतल्या काहींना चिठ्ठी टाकून लगेच नळ्या, बाकीच्यांना पाणी टिकलंच तर जास्तीत जास्त नऊ महिन्यांनी. मग तिसऱ्या वर्षी तपासणी, चौथ्या, सहाव्या, आणि शेवटी ९ ते ११ वर्षांचे झाल्यावर. शेवटचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. भाषा, वाचन, लक्ष, वागणूक, बुद्धी, कशातच दोन गटांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता.

दोन महिन्यांचं बाळ अभ्यासात घ्यायचं आणि ते पाचवीत गेल्यावर उत्तर मिळवायचं. मधल्या काळात घरं बदलतात, पालक विभक्त होतात, परिचारिका निवृत्त होतात, निधी देणारे तीनदा विचारतात की आतापर्यंत काय निघालं. असे प्रश्न एका माणसाच्या आयुष्यात फार तर दोनतीन मावतात. तरुण सहकाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा ते नम्रपणे मान हलवतात आणि पुढच्या वर्षी छापून येईल असा विषय निवडतात. त्यांना दोष देता येत नाही, नोकरीचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी असतं.

या निकालाचा अर्थही ताणला जातो, हे सांगायला हवं. ती मुलं एरवी निरोगी होती. टाळू दुभंगलेलं मूल, डाउन सिंड्रोम असलेलं मूल, आधीच ऐकू कमी येणारं किंवा बोलायला मागे पडलेलं मूल, यांच्याबद्दल हा अभ्यास काहीच सांगत नाही. दोन्ही कानांत पाणी आणि वर्गात मागच्या बाकावरून काही ऐकू येत नाही, अशा मुलाला नळी नाकारताना कुणी २००७ चा लेख पुढे केला तर मला राग येतो. वारंवार होणाऱ्या संसर्गासाठी नळ्या, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर २०२१ मध्ये होबरमन यांच्याकडून आलं. २५० मुलं, दोन वर्षं, नळ्या बसवलेल्यांत दरवर्षी सरासरी १.४८ वेळा संसर्ग आणि औषधांवर ठेवलेल्यांत १.५६. पुन्हा वजाबाकीच्या खाली फारसं काही उरलं नाही. मूल जसजसं मोठं झालं तसतसे संसर्ग दोन्ही गटांत कमी होत गेले.

लसीनं मात्र मला आधी निराश केलं आणि मग विचार करायला लावलं. न्यूमोकोकसच्या सात प्रकारांवरची लस फिनलंडमध्ये १,६६२ बाळांत तपासली गेली, निष्कर्ष २००१ मध्ये. त्या सात प्रकारांमुळे होणारे कानाचे संसर्ग ५७ टक्क्यांनी घटले. मग बाकीचा आकडा बघावा: सर्व कारणांनी होणारे कानाचे संसर्ग घटले फक्त ६ टक्के. लसीत नसलेल्या प्रकारांचे संसर्ग ३३ टक्क्यांनी वाढले होते. नाकामागची जागा रिकामी झाली आणि शेजारी तिथे राहायला आले. तरीही, जवळपास प्रत्येक मुलाला होणाऱ्या आजारात ६ टक्के म्हणजे लाखो रात्री, आणि त्याच लसीनं मेंदूज्वर आणि रक्तातला संसर्ग रोखला तो हिशेब वेगळाच.

जंतूंनी आम्हाला आणखी एका बाबतीत बराच काळ चकवलं. टिकून राहिलेलं ते घट्ट, चिकट पाणी काढून प्रयोगशाळेत पाठवलं की कित्येकदा काहीच वाढत नसे. मग ठरलं की यात जंतू नाहीत, ही नुसती सूज. १९९५ मध्ये पोस्ट, अर्लिक आणि सहकाऱ्यांनी त्याच पाण्यात जंतूंचा डीएनए शोधला आणि भरपूर सापडला. २००६ मध्ये नळ्या बसवायला आलेल्या २६ मुलांच्या मधल्या कानाच्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. त्या ५० तुकड्यांपैकी ४६ मध्ये बायोफिल्म दिसली, म्हणजे स्वतःच तयार केलेल्या चिकट आवरणाखाली थरानं बसलेले जंतू. या अवस्थेत ते संथ जगतात, प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाहीत आणि औषधाला दाद देत नाहीत. या कामात चिंचिला नावाच्या प्राण्याचा फार वाटा आहे. त्याचा मधला कान आकाराच्या मानानं प्रशस्त, आणि आपण जंतू घातल्याशिवाय त्याला हा आजार सहसा होत नाही. आमच्या विषयाच्या संमेलनात चिंचिलावाले आणि मुलांवाले असे दोन तट असतात. जेवायलाही ते वेगळे बसतात. मी मुलांवाली; तरी गेल्या काही वर्षांत नवी कल्पना ऐकली ती बहुतेक त्यांच्याच टेबलावर.

इथवर मी जे लिहिलं ते 'आपोआप बऱ्या होणाऱ्या' आजाराबद्दल. जगातल्या कित्येक मुलांचा आजार असा नाही, हे कळायला मला उशीर झाला असं नव्हे, पण आमच्या नियतकालिकांत त्याला जागा थोडी. पडदा फुटतो, भोक भरत नाही, कान महिनोन्महिने, वर्षानुवर्षं वाहत राहतो. जगात दरवर्षी अशा वाहत्या कानाचे सुमारे ३ कोटी नवे रुग्ण होतात, असा एक अंदाज २०१२ मध्ये मांडला गेला. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांत अमांडा लीच आणि त्यांच्या डार्विनमधल्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की तिथल्या बाळांच्या नाकात हे जंतू जन्मानंतर काही आठवड्यांतच वस्ती करतात, आणि कानात पाणीही तेव्हापासूनच. लहान घर, माणसं पुष्कळ, धूर, धुवायला पाणी अपुरं. जंतू तेच तीन. एखाद्या समाजात ४ टक्क्यांहून जास्त मुलांचे कान असे वाहत असतील तर ते तातडीचं मोठं संकट मानावं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. या वस्त्यांत प्रमाण त्याच्या कितीतरी वर गेलेलं आहे.

उपचार काय, तर कान स्वच्छ कोरडा करायचा आणि प्रतिजैविकाचे थेंब घालायचे, रोज, न चुकता, आठवडेच्या आठवडे. यात कुणाला पेटंट मिळत नाही. 'औषध द्यावं की थांबावं' यावर आम्ही जितकी पानं खर्च केली त्याच्या दहावा हिस्सा जरी 'रोज कान कोण पुसणार' या प्रश्नावर झाला असता तर बरं झालं असतं. ही तक्रार माझ्याच मंडळींबद्दल आहे, आणि ती मी संमेलनात उभी राहून केलेली आहे. टाळ्या पडल्या, निधी मिळाला नाही.

सध्या आमच्याकडच्या तरुण मुलांनी फोनला जोडायचा ओटोस्कोप आणि पडद्याचा फोटो बघून निदान सांगणारा प्रोग्रॅम हाती घेतला आहे. दूरच्या वस्तीतल्या आरोग्यसेविकेच्या हातात हे पडलं तर खरंच उपयोग होईल, म्हणून मीही त्यात आहे. प्रोग्रॅम शिकतो तो आम्ही नावं दिलेल्या फोटोंवरून: हा फुगलेला, हा पाण्याचा, हा निरोगी. मी अट घातली की प्रत्येक फोटो तिघांनी वेगवेगळा बघायचा, एकमेकांशी न बोलता, आणि 'सांगता येत नाही' असा चौथा रकाना ठेवायचा. पहिल्या फेरीत तो रकाना चांगलाच भरला. आता संख्याशास्त्र बघणाऱ्या मुलीचं म्हणणं आहे की हे फोटो काढून टाकले तर प्रोग्रॅमची अचूकता झकास दिसेल. मी म्हणते, खऱ्या दवाखान्यात ते काढून टाकता येत नाहीत, मूल समोर बसलेलं असतं. ती म्हणते, मग लेख छापून येणार नाही. सोमवारी पुन्हा बसायचं ठरलं आहे.